पवई गेली, विहारचे काय?

३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रोच्या खांबासाठी खोदकाम चालू असताना वेरावली जलाशयाकडे जाणारी १,८०० मिलिमीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी फुटली. पुढचे अनेक दिवस अंधेरी, जोगेश्वरी, विलेपार्ले या भागांतील लाखो माणसे हंडे आणि बादल्या घेऊन टँकरची वाट पाहत उभी होती. कंत्राटदाराला दंड झाला, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि नळाला धार लागताच सारे विसरले गेले. ज्या नगरीत पाणी शंभर किलोमीटरांवरून आणि त्याहूनही दुरून येते, तिच्या दैनंदिन जीवनाचा दोर किती बारीक आहे याची जाणीव त्या आठवड्यात झाली, तेवढीच. अशा वेळी ध्यानात यावयास हवी होती ती निराळीच गोष्ट. वाहिनी फुटली त्या जागेपासून थोड्याच अंतरावर, त्याच डोंगररांगेच्या कुशीत, मुंबईचे तीन जुने तलाव आहेत. त्यांपैकी दोघांचे पाणी आजही पिण्यासाठी वापरले जाते. तिसऱ्याचे पाणी हात धुण्याच्याही लायकीचे राहिलेले नाही. हा फरक निसर्गाने केलेला नसून बव्हंशी जमिनीच्या वापराने केलेला आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

मुंबईत पाण्याचा दुष्काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतका तीव्र झाला होता की विहिरी आणि तलाव आटल्यावर आगगाडीतून आणि होड्यांतून पाणी आणून शहराची तहान भागवावी लागली. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ साली मिठी नदीच्या उगमाशी विहारच्या बांधाचे काम सुरू झाले आणि १८६० साली ते पूर्ण झाले. तुळशीचा तलाव १८७९ साली तयार झाला, पवईचा १८९० च्या सुमारास. या साऱ्या बांधकामाचे कौतुक इतिहासकार करतात ते बांधाच्या उंचीसाठी आणि लोखंडी नळांच्या लांबीसाठी. परंतु त्या काळच्या राज्यकर्त्यांनी केलेली अधिक दूरदृष्टीची गोष्ट नळांची नव्हे, जमिनीची होती. विहारचा पाणलोट सुमारे १९ चौरस किलोमीटरांचा आणि तुळशीचा पावणेसातांचा. म्हणजे दोन्ही मिळून पंचवीस-सव्वीस चौरस किलोमीटर डोंगरउतार. ज्या उतारावरून पाणी तलावात येते तो उतार आपल्या हाती नसेल तर तलाव आपला नाही, हे ओळखून ती जमीन ताब्यात घेण्यात आली आणि तेथील शेती व वस्ती उठविण्यात आली. पुढे बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणून आणि १९९६ पासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे १०३ चौरस किलोमीटरांच्या जंगलाचा गाभा या पाणलोटाच्या राखणीतून टिकलेला आहे. मुंबईचे बिबटे, म्हणावयाचे झाले तर, नळाच्या पाण्याच्या आश्रयाने जगले.

हे करणारे सरकार परकीय होते आणि ज्यांची शेती गेली त्या कोळी, वारली, कुणबी कुटुंबांना विचारण्याचा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. नगरीची तहान भागविण्यासाठी डोंगरातल्या माणसाने आपली जमीन सोडावी, या रीतीचा प्रारंभ तेथे झाला आणि स्वातंत्र्यानंतरही ती रीत मोडली नाही. त्याकडे पुढे यावेच लागेल.

आता पवईकडे पाहावे. वस्तुनिष्ठतेसाठी एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. पवईचे पाणी पिण्यास योग्य नाही असे तलाव बांधल्यानंतर थोड्याच वर्षांत ठरले होते आणि तो पिण्याच्या पुरवठ्यातून वगळला गेला होता, तेव्हा आजच्या मनोऱ्यांनी पवईचे पिण्याचे पाणी हिरावले असे म्हणता येणार नाही. परंतु पाणलोट राखण्याचा जो निग्रह विहार-तुळशीच्या वाट्याला आला तो पवईच्या वाट्याला कधीच आला नाही, आणि एकदा 'हा पिण्याचा तलाव नव्हे' असा शिक्का बसल्यावर त्याच्या साडेसहा चौरस किलोमीटरांच्या पाणलोटाला वालीच उरला नाही. भोवतालच्या टेकड्यांवर दगडखाणी चालल्या, माती वाहून तळाशी बसली, वसाहतींचे सांडपाणी तलावात उतरले आणि जलपर्णीने पृष्ठभाग झाकला. आज महापालिका लाखो रुपये खर्चून जलपर्णी काढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढते.

त्या टेकड्यांवर काय उभे राहिले याचीही कथा आहे. १९८६ साली राज्य शासन, महानगर विकास प्राधिकरण आणि जमिनीचे मालक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या छायेत झालेल्या या करारानुसार सुमारे २३० एकर जमीन नाममात्र भाड्याने द्यावयाची आणि तीवर ४० व ८० चौरस मीटरांची, सामान्य माणसाला परवडतील अशी घरे बांधावयाची होती. प्रत्यक्षात उभी राहिली ती श्रीमंतांची नगरी. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने अट पाळली गेली नसल्याचे सांगून, लहान घरे बांधल्याखेरीज इतर बांधकाम करू नये असा आदेश दिला. तोवर सव्वीस वर्षे उलटली होती. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. त्यांनी आणि बाबुराव सामंतांनी त्याच कायद्याचा आधार घेऊन दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची हजारो लहान घरे प्रत्यक्ष उभी करून दाखविली. कायदा एकच, डोंगररांग एकच. अंमलबजावणी कोणाच्या हाती होती एवढाच काय तो भेद. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्दच करून टाकला.

आणि याच काळात उद्यानाच्या आतल्या झोपडीवासीयांचे काय झाले? १९९५ साली एका पर्यावरणवादी संस्थेने केलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९७ साली आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत ज्यांची नावे होती त्यांनी सात हजार रुपये भरून पर्यायी जागा घ्यावी, इतरांनी चालते व्हावे. पर्यायी जागा म्हणून प्रथम दाखविली गेली ती कल्याणजवळची, जेथून कामावर जाणे धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा बांधकामावरच्या मजुराला शक्य नव्हते. निवारा हक्क सुरक्षा समितीच्या दीर्घ लढ्यानंतर त्यांपैकी काही हजार कुटुंबांना अंधेरीजवळ चांदिवलीला, आज ज्याला संघर्षनगर म्हणतात तेथे, घरे मिळाली. जंगलाचे आणि पाण्याचे रक्षण झालेच पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्या न्यायाने पाणलोटातली पत्र्याची खोपटी हत्तींच्या आणि हेलिकॉप्टरच्या साह्याने हटविली गेली, तो न्याय शेजारच्या पाणलोटातल्या वीस मजल्यांच्या मनोऱ्याला का लागू झाला नाही? तलावाला झोपडीतल्या आणि मनोऱ्यातल्या मैल्याचा भेद कळत नाही. नियमांना मात्र तो कळतो असे दिसते.

आरेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली तीन हजारांहून अधिक एकरांवर आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. विहारच्या पश्चिमेस ती लागून आहे. तिचे सगळे पाणी विहारला मिळत नाही. काही ओशिवरा नदीने मालाडच्या खाडीकडे जाते, काही मिठीने माहीमकडे. पण हा सारा एकसंध हिरवा उतार आहे आणि त्याचे एक टोक उसवले की दुसरे उसवण्यास वेळ लागत नाही. येथे शासनानेच एक एक तुकडा मोडून दिला. १९७७ साली चित्रनगरी आली, राज्य राखीव पोलीस दल आले, नंतर फोर्स वनचे प्रशिक्षण केंद्र आले. प्रत्येक तुकडा लोकहिताचा होता आणि प्रत्येक वेळी 'एवढाच' होता. २०१७ साली मेट्रोच्या कारडेपोसाठी सुमारे ३३ हेक्टर जमिनीचा वापर 'ना विकास क्षेत्रा'तून बदलण्यात आला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे एका सरकारने डेपो कांजूरला नेला, दुसऱ्याने २०२२ साली तो परत आरेत आणला. मध्यंतरी ८१२ एकर जमीन राखीव वन ठरली, हे त्या आंदोलनाचे खरे फलित.

मेट्रो नको असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. चर्चगेटच्या गाडीला लोंबकळणाऱ्या कामगाराला तर मुळीच म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो निर्णयाच्या पद्धतीला. ही जागा कोणत्या पाण्याच्या वाटेवर आहे, हा प्रश्न कारडेपो ठरविताना प्रथम विचारावयास हवा होता. तो आंदोलकांनी विचारला, तोही निर्णय झाल्यावर.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. विहार आणि तुळशी राखले जातात ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे बिबट्याच्या नावाने. पवईचा काठ २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी राखला जातो. महापालिकेनेच काठावर सुरू केलेला सायकल मार्ग ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढावयास लावला तो याच नियमांखाली, आणि तोही आयआयटीतील विद्यार्थी व पर्यावरणवाद्यांनी दाद मागितली म्हणून. आरेला विकास आराखड्याचा आधार, तो शासनाच्या एका अधिसूचनेने बदलतो. यांपैकी एकाही कायद्याची सीमा पाणलोटाच्या धारेवरून, म्हणजे जेथून पाणी दोन बाजूंना वाटले जाते त्या डोंगरमाथ्यावरून, जात नाही. ती सर्व्हे नंबरांवरून जाते, वन खात्याच्या खुणेच्या दगडांवरून जाते, कधी कधी तर एखाद्या बड्या मालकाच्या कुंपणावरून जाते. पाण्याला हे दगड दिसत नाहीत. ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आखले गेले, त्याची रुंदी कोठे शंभर मीटर तर कोठे चार किलोमीटर. आरेतील कारडेपोची जागा त्यातून वगळण्यात आली. या क्षेत्राचा आराखडा दोन वर्षांत करावयाचा होता. ती मुदत आराखड्याविनाच टळून गेली आणि दरम्यान उद्यानाच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या ४.७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांचे भूमिपूजन मात्र २०२४ साली झाले.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो केवळ बिल्डरच घेतात असेही नाही. चांगले शिकलेले, हिशेबी लोकही घेतात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यात एकट्या भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा. विहारचा साठा २७,६९८ आणि तुळशीचा ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे दोन्ही मिळून अडीच टक्केसुद्धा नाहीत. अडीच टक्क्यांसाठी जगातल्या महागातल्या महाग जमिनीवर बंधने कशाला?

हा युक्तिवाद किती दूर जाऊ शकतो ते हैदराबादने दाखविले आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर तेथे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले, पूरनियंत्रण आणि पिण्याचे पाणी या दुहेरी हेतूने. ८ मार्च १९९६ च्या शासन आदेश क्रमांक १११ ने या जलाशयांभोवती दहा किलोमीटरांच्या परिघात, ८४ गावांत, प्रदूषक कारखाने, मोठी हॉटेले, निवासी वसाहती यांना मज्जाव केला. पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटासाठी जमीनवापराचे असे स्वच्छ नियम देशात थोडेच. तेलाच्या एका कारखान्याला राज्य सरकारने सवलत देऊ केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ती धुडकावली आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत संकटाची नुसती शक्यताही सहन करण्याचे कारण नाही अशी भूमिका घेतली. पण शहर वाढत वाढत त्या गावांच्या वेशीशी आले, जमिनीचे भाव चढले, कृष्णा-गोदावरीचे पाणी दुरून आले, आणि एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने बंधने उठविली. कारण दिले ते असे की हे जलाशय आता शहराच्या गरजेचा सव्वा टक्काही भाग भागवीत नाहीत. महाराष्ट्रानेही वेगळे काही केले नाही. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे निर्बंध घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण २०१५ साली मंत्रिमंडळाने गुंडाळलेच की!

सव्वा किंवा अडीच टक्क्यांच्या या हिशेबात अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातली चूक आहे. एखाद्या वस्तूचे मोल एकूण साठ्यातील तिच्या सरासरी वाट्यावरून ठरत नाही. ती गेल्यावर तिच्या जागी जे आणावे लागेल त्याच्या खर्चावरून ते ठरते. विहार आणि तुळशीचा साठा वर्षाच्या दिवसांनी भागला तर रोजचे सुमारे ९.८ कोटी लिटर होतात. माणशी १३५ लिटरांच्या सरकारी मापाने हे सव्वासात लाख माणसांचे पाणी झाले. बाष्पीभवनाची घट वजा केली तरी महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या शहराला पुरेल एवढे ते आहे. ते गमावले तर पर्याय कोणता? वाडा तालुक्यात तानसा अभयारण्यालगत ४४० दशलक्ष लिटरांची गारगाई योजना पुन्हा पुढे आली आहे. तिच्यात गावे बुडणार आहेत, लाखो झाडे जाणार आहेत. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना आहे. त्यातला प्रत्येक लिटर विजेच्या बिलातून येणार. म्हणजे विहारच्या उतारावर मिळणारा नफा एका मालकाच्या खिशात जाईल आणि त्याची किंमत वाड्यातला आदिवासी जमिनीने आणि अंधेरीचा भाडेकरू पाणीपट्टीने भरील. खर्च दुसऱ्यावर ढकलून मिळविलेल्या नफ्याला अर्थशास्त्रात सौम्य नाव आहे. रोजच्या भाषेतले नाव अधिक अचूक आहे. आणि हे सारे पिण्याच्या पाण्यापुरतेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीकाठी काय झाले हे मरोळ, कुर्ला, कलिन्याच्या रहिवाशांना सांगावयास नको. डोंगर उघडा आणि सिमेंटचा झाला की तेच पाणी आणखी लवकर खाली येते.

न्यू यॉर्क शहराने हा हिशेब नीट केला. कॅटस्किल डोंगरातून येणाऱ्या पाण्यासाठी गाळण केंद्र बांधावयाचे तर कित्येक अब्ज डॉलर लागणार होते. त्याऐवजी १९९७ साली शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. जमिनीच्या वापरावर नियम आले, पण त्यांच्याबरोबर पैसाही गेला. राजीखुशीने विकणाऱ्यांची जमीन घेण्यासाठी, शेतकऱ्यांच्या गोठ्यांसाठी, गावांच्या सांडपाण्यासाठी तो पैसा होता. अमेरिका काही समाजवादी देश नव्हे. तरीही नियमाचा बोजा ज्याच्यावर पडतो त्याला लाभधारकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

मुंबईत ते मान्य झालेले नाही, आणि विहारपेक्षाही मोठा प्रश्न येथेच आहे. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे ज्या मुलखात आहेत त्या शहापूर आणि वाडा तालुक्यांतल्या, त्यातही शहापूरच्या, पाड्यांत दर उन्हाळ्यात टँकर जातात. धरणाच्या भिंतीच्या सावलीत राहणारी बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते आणि तिच्या शेजारून जाड नळातून मुंबईचे पाणी वाहत जाते. आता समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आहे आणि त्यामागोमाग जमिनीचे दलाल आले नाहीत तरच नवल. भातसाचा पाणलोट राखावयाचा असेल तर तेथेही बांधकामाचे नियम लागतील. पण मुंबईच्या सोयीसाठी शहापूरच्या शेतकऱ्याने जमीन विकू नये, प्लॉट पाडू नयेत, असे नुसते फर्मान काढणे म्हणजे १८६० चीच पुनरावृत्ती. महापालिकेच्या मुदतठेवी अनेक हजार कोटींच्या आहेत. त्यांच्या व्याजाचा एक ठरावीक भाग आणि मोठ्या गृहसंकुलांच्या व हॉटेलांच्या पाणीपट्टीवरचा अधिभार पाणलोटातल्या गावांना दरवर्षी, हक्क म्हणून, मिळाला पाहिजे. पहिला खर्च त्या गावांच्या नळांवर व्हावा.

हेच आरेतल्या आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांनाही लागू आहे. विहारच्या काठाशी राहणाऱ्या या माणसांना नळ आणि वीज मिळण्यास दशके गेली. पाणलोटाचे नियम करताना त्यांना अतिक्रमण करणारे म्हणून मोजणे अन्यायाचे तर आहेच, मूर्खपणाचेही आहे. भाताचे वाफे आणि भाजीचे मळे करणारा वारली पाण्याचा शत्रू नाही. त्याला शौचालय आणि सांडपाण्याची सोय द्यावी, एवढेच तलावाच्या दृष्टीने पुरेसे आहे.

नियम कोणते करावयाचे यात गूढ काही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ सालचा आहे आणि क्षेत्र आखण्याचा अधिकार त्यात आहे. विहार, तुळशी आणि पवईच्या पाणलोटाची धार मोजून नकाशावर उतरवावी. तिच्या आत नवे बांधकाम, नवी खाण, नवा रस्ता यांना बंदी असावी, आणि 'सार्वजनिक प्रकल्प' या शब्दाने ती बंदी सैल होऊ नये, कारण आरेचे तुकडे पडले ते त्याच शब्दाने. जे उभे आहे त्याचे सांडपाणी तलावाबाहेर वळविण्याचा खर्च ज्याचे मजले अधिक त्याच्याकडून वसूल व्हावा. ज्या वस्त्या हलविणे अपरिहार्य आहे त्यांना चांदिवलीसारखी, कामाच्या अंतरातली जागा आधी मिळावी आणि मग घर मोडावे. नियमांत सवलत द्यावयाची झाल्यास ती मंत्रालयाच्या दालनात न देता महापालिकेच्या खुल्या सभेत, कारणे लेखी नोंदवून, दिली जावी.

संवेदनशील क्षेत्राच्या आराखड्यावरील हरकती आणि सूचना आजवर संकेतस्थळावरच्या इंग्रजी मजकुरात आणि वृत्तपत्राच्या कोपऱ्यातल्या जाहिरातीत मागविण्याची प्रथा पडून गेली आहे. पाणलोटाच्या धारेचा नकाशा मराठीत, रस्त्यांची आणि पाड्यांची नावे घालून, के-पूर्व, पी-दक्षिण, एस आणि टी विभागांच्या कार्यालयांत दर्शनी भागी लावला जावा. तोच आरेच्या पाड्यांत नेऊन वाचून दाखविला जावा, आणि त्याची एक प्रत शहापूरच्या पंचायत समितीतही असावी.